आधी मुळी बघा, मग बाटली उघडा



आज ओसरीवरच्या कुंडीपासून सुरुवात करतो, पण विषय शेताचाच आहे.

सूनबाईंनी नर्सरीतून आफ्रिकन व्हायोलेट आणलं होतं. केसाळ पानांचं, जांभळ्या फुलांचं छोटं झाड. मूळचं टांझानिया-केनियाच्या डोंगरातलं, सावलीत कपारीला वाढणारं. मागच्या आठवड्यात पानं लोळली. घरातल्या प्रत्येकाने जाता-येता तांब्याभर पाणी ओतलं. मला दाखवलं तोवर मधला गाभा मऊ पडलेला. बोट घातलं तर मातीचा चिखल. उपटून बघितलं तर मुळ्या तपकिरी, दाबल्या की साल हातात. झाड तहानेने नाही, बुडून मेलं.

मुळीला हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळी गुदमरते, कुजते. कुजलेली मुळी पाणी ओढत नाही, म्हणून ओल असूनही पान सुकतं. पाणी कमी पडलं तरी पान लोळतं, जास्त झालं तरी लोळतं. वरून दोन्ही सारखंच.

कुंडी हलकी आणि माती कोरडी असेल तर अर्धा-एक तास पाण्याच्या ताटलीत ठेवा, झाड उभं राहतं. माती ओली असेल तर पाणी बंद. कुजक्या मुळ्या कापा, नव्या भुसभुशीत मिश्रणात लहान कुंडीत लावा. गाभाच गेला असेल तर झाडाचा मोह सोडा, एक निरोगी पान देठासकट ओलसर कोकोपीटमध्ये खोचा. दोन-तीन महिन्यांत बुडाशी पिल्लं येतात.

आता शेतात या. तीन वर्षांपूर्वी माझ्या कपाशीला वीस दिवस उघडीप, मग एका रात्रीत धो धो पाऊस. दुसऱ्या दिवशी बोंडं धरलेल्या झाडांनी माना टाकल्या. मी शहाण्याने मोबाइलवर फोटो पाठवला. दुकानदार म्हणाला, मर रोग आहे, बुरशीनाशकाची आळवणी करा. साडेचार हजार गेले, आणि साचलेल्या पाण्यात मी आणखी पाणी ओतलं! ती आकस्मिक मर होती. दुखणं बुरशीचं नव्हतंच, पाणी साचल्याचं होतं. उताराला चर होता तिथल्या ओळी औषधाविना सावरल्या. चर खोदायला फावडं घरातच होतं.

म्हणून म्हणतो, सुकणं हा रोग नाही, लक्षण आहे. तुरीचं खोड उभं चिरा. आत काळपट रेघा दिसल्या तर ती फ्युजेरियमची मर. ते झाड औषधाने परत येत नाही. पुढच्या वर्षी प्रतिकारक वाण, फेरपालट, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, हाच उपाय. हरभऱ्याच्या बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे असतील तर ती मर नव्हे, मानकूज. टोमॅटोच्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधासारखी धार सुटली तर जिवाणूची मर, बुरशीनाशकाचे पैसे पाण्यात.

कोणी म्हणेल, उपटलं तर झाड गेलंच की. अहो, एक झाड गेलं तर गेलं. न बघता आळवणी केली तर एकर जातो, वर उधारी राहते.

आणि कृषी पदवीधर पोरांनो, मी दहावी पास, राग मानू नका. पानाचा फोटो बघून औषध लिहू नका. "काका, एक झाड उपटा, खोड चिरा, मुळीचा फोटो पाठवा," एवढं तरी म्हणा. शेतकऱ्याला घाई असतेच, तुम्ही तरी घाई करू नका.

ज्यांच्या रानात आज झाडं माना टाकून आहेत, त्यांनी फवारणीचा पंप खाली ठेवा आणि आधी एक झाड उपटा. काय दिसलं ते खाली लिहा. माझं चुकत असेल तर तेही लिहा.