ग्राहक असूनही आश्रित

२४ ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेतील रेडमंड येथे ‘विंडोज ९५’च्या प्रकाशनाचा मोठा सोहळा झाला. त्याला पंधरा मिनिटे उरली असताना आयबीएमला ही प्रणाली आपल्या संगणकांत घालून विकण्याचा परवाना मिळाला. आयबीएम म्हणजे काही नवखा व्यापारी नव्हे. १९८१ साली आपल्या वैयक्तिक संगणकासाठी मायक्रोसॉफ्टकडून प्रणाली घेऊन तिला नावारूपास आणणारी हीच कंपनी. तरीही तिला अशी ताटकळत बसण्याची वेळ का यावी?

आयबीएम मायक्रोसॉफ्टची गिऱ्हाईक होती, तशीच प्रतिस्पर्धीही होती. तिची स्वतःची ‘ओएस/२’ ही प्रणाली बाजारात होती आणि लोटस कंपनी विकत घेतल्यामुळे ‘स्मार्टसूट’ हा कार्यालयीन संचही हाती आला होता. जुन्या हिशेबांच्या तपासणीचे निमित्त करून मायक्रोसॉफ्टने परवाना रोखला, आणि ‘स्मार्टसूट’ काही काळ संगणकांसोबत न दिल्यास हा हिशेब लवकर मिटेल, असे सुचविले. इतर उत्पादक माल सज्ज करीत असताना शाळा उघडण्याच्या तोंडचा हंगाम आयबीएमच्या हातून निसटला. शिवाय एकाच मालासाठी ती कॉम्पॅकपेक्षा बरेच अधिक दाम मोजीत होती. पुढे खटल्यात हे सारे न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी ५ नोव्हेंबर १९९९ च्या निष्कर्षांत नोंदविले.

कॉम्पॅक लाडकी होती, पण तिलाही मोकळीक नव्हती. १९९६ मध्ये तिने काही संगणकांवरून इंटरनेट एक्स्प्लोररचे चिन्ह काढले, तेव्हा परवाना रद्द करण्याची सूचना आली आणि चिन्ह मुकाट्याने पुन्हा जागेवर बसले. त्या काळी अशा संगणकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विंडोजवर चालत. दुसरा पुरवठादारच नसल्यावर घासाघीस कोणाशी करायची? नेटस्केपच्या न्याहाळकाची बाजारातील वाट अशा रीतीने अडविली गेली. हे त्या एका कंपनीपुरते नव्हते. न्याहाळकावर चालणारी कामे वाढली असती, तर खाली कोणती प्रणाली आहे याचे महत्त्वच उरले नसते. मायक्रोसॉफ्टला खरी धास्ती त्याची होती. नेटस्केप अखेर एओएलने विकत घेतली.

आयबीएमच्या गॅरी नॉरिस यांनी १९९९ मध्ये न्यायालयात साक्ष दिली. इतर संगणक-उत्पादक उघडपणे बोलण्यास कचरले, यात नवल नाही. उद्याचा माल त्यांना त्याच दारातून आणावयाचा होता. २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने कंपनीच्या विभाजनाचा आदेश रद्द केला, मात्र मक्तेदारी टिकविण्यासाठी गैरमार्ग वापरल्याचा ठपका कायम ठेवला. त्यानंतरच्या तडजोडीत वीस बड्या उत्पादकांना समान अटींवर परवाना देण्याचे बंधन आले. छोट्या उत्पादकांना मात्र ते संरक्षण लाभले नाही.

जुलै २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएमला ७७.५ कोटी डॉलर देऊन जुना वाद मिटविला. त्याच्या दोनच महिने आधी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय चीनच्या लेनोवोच्या हवाली केला होता.