स्लॅब भरायच्या आधी लोखंड बघायला कोण येतं?

मंडळी, सध्या आपल्या तालुक्यात कुठल्याही गावात जा, दर दहा घरांमागे एका घराला सेंटरिंग लागलेलं आहे. चांगलंच आहे. माणसं पोटाला चिमटा काढून घर बांधताहेत. पण एक विचारतो, राग मानू नका. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी सळया बांधून झाल्यावर त्या तपासायला कोण येतं?

नारळ फोडायला सगळे येतात. स्लॅबचं जेवण असतं, पाहुणे येतात, फोटो निघतात, सरपंच येऊन जातात. पण नकाशावर ज्याचा सही-शिक्का आहे तो इंजिनिअर येतो का? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच. तो मालकाला शेवटचा भेटला तो शिक्का मारून पैसे घेताना.

मी स्वतः याच धंद्यातला. म्हणून आधी आमच्याच लोकांचं बोलतो. २०२१ साली राज्य सरकारनं ग्रामीण भागातल्या छोट्या घरांसाठी नगररचना खात्याचे हेलपाटे कमी केले. ग्रामपंचायत पातळीवर काम भागेल, कागदांबरोबर परवानाधारक अभियंत्याचा दाखला जोडा, असं ठरलं. लोकांची सोय झाली, त्याला माझा विरोध नाही. पण सरकारनं तपासणीची जी जबाबदारी सोडली ती या दाखल्यावर टाकली, आणि दाखला झेरॉक्सच्या दुकानात मिळावा तसा मिळायला लागला. प्लॉट न बघता. माती न बघता. काळ्या रानातल्या घराला आणि मुरमावरच्या घराला एकच नकाशा, फक्त नाव आणि गट नंबर वेगळा.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, हे शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात रानात पडलेल्या भेगेत हात जातो. त्याच मातीत तीन फुटांवर फुटिंग टाकून वर दोन मजले उभे करायचे आणि तीन वर्षांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली की वास्तुशास्त्रवाल्याला बोलवायचं. अरे, मुरूम लागेपर्यंत खाली जायला पाहिजे होतं! मुरूम फारच खोल असेल तर पायाचा वेगळा प्रकार घ्यावा लागतो. तो कुठला, हे प्लॉटवर खड्डा घेतल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

आता स्लॅबकडे येऊ. पन्नास किलोच्या एका गोणीला साधारण पंचवीस लिटर पाणी लागतं, म्हणजे दीड बादली. वाळू किंवा क्रश सँड ओली असेल तर त्याहून कमी. आपल्याकडे मिक्सरवर काय होतं ते उभं राहून मोजा एकदा. अडीच बादल्या, तीन बादल्या. कारण माल पातळ झाला की घमेल्यातून पटकन ओतला जातो, आपोआप पसरतो, व्हायब्रेटर फिरवायची कटकट नाही, आणि दिवस मावळायच्या आत गडी मोकळे. मजुरांना दोष देत नाही, त्यांचा दर स्लॅबवर ठरलेला असतो. पण जास्तीचं पाणी उडून गेलं की काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या राहतात. त्यातून पावसाचं पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, फुगते आणि खालचा थर सोडवते. दहा-बारा वर्षांत छताचे पोपडे पडायला लागतात आणि आपण म्हणतो, सिमेंट पहिल्यासारखं राहिलं नाही.

सिमेंटला काही झालेलं नाही. स्लॅबखाली सळई आणि फळी यांच्यात वीस मिलिमीटर अंतर लागतं, त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक येतात, अगदी किरकोळ किमतीत. आपण खडीची कपची सरकवतो. कोणी चढलं की ती निसटते आणि सळई फळीला टेकते.

सगळ्यात जास्त भीती मला छज्जाची आणि बाहेर काढलेल्या गॅलरीची वाटते. एका बाजूलाच आधार असलेल्या स्लॅबचं मुख्य लोखंड वरच्या अंगाला असावं लागतं, कारण ताण वर येतो. बांधताना फिटर ते वरच बांधतो. मग स्लॅबच्या दिवशी वीस माणसं त्याच्यावरून घमेली घेऊन पळतात आणि ते दबून तळाला जातं. वरून बघाल तर काँक्रीट गुळगुळीत. कुणाला काही कळत नाही. त्याच्यावर पुन्हा एलिव्हेशन म्हणून चार फूट उंच विटांची भिंत. सेंटरिंग काढताना छज्जा फळ्यांसकट खाली आलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. हे टाळायला चालण्यापुरत्या फळ्या टाकायच्या आणि खुर्च्या देऊन लोखंड उचलून धरायचं. एवढंच. पण ते सांगणारा माणूस त्या दिवशी तिथं हवा ना!

"आमच्या आजोबांनी कुठं इंजिनिअर आणला होता?" हे मला दर आठवड्याला ऐकावं लागतं. आपण लातूर-धाराशिव पट्ट्यातली माणसं, निदान आपण तरी हे बोलू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसं मेली ती आजोबांच्याच पद्धतीच्या घरांत. दोन-अडीच फुटांच्या दगड-मातीच्या भिंती, आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हीला शिवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, आणि गळतंय म्हणून दरवर्षी त्यावर टाकलेली नवी माती. भूकंपानं भिंतीचे पदर सुटले आणि ते ओझं झोपेतल्या माणसांवर आलं. तेव्हापासून आपण एकच धडा घेतला, दगड वाईट आणि सिमेंट चांगलं. धडा अर्धाच घेतला. २००१ च्या भूकंपात भुजपासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्या इमारती पडल्या. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ जण गेले, इमारतीला दहा वर्षंही झाली नव्हती. तिथं तर भूकंपही नव्हता.

दगडाची भिंत निदान दिसते तरी. आरसीसीत जे महत्त्वाचं असतं ते एका दिवसात कायमचं झाकलं जातं.

आता सरकारचं. घरकुलाचा हप्ता जिओ-टॅग फोटोवर निघतो. जोत्याचा फोटो, भिंतीचा फोटो, छताचा फोटो. फोटोत भिंत दिसते, कॉलमच्या रिंगा सहा इंचांवर आहेत की फूटभर अंतरावर ते दिसत नाही. केंद्राची मूळ रक्कम सपाट भागासाठी २०१६ पासून १ लाख २० हजारच आहे. राज्यानं नंतर भर घातली, पण दरम्यान लोखंड, वाळू, मजुरी कुठं गेली ते तुम्हाला माहीत आहे. कमी पैसे द्यायचे, तांत्रिक माणूस द्यायचा नाही आणि उद्दिष्टपूर्तीचे बॅनर मात्र लावायचे. गरिबाच्या घराला लोखंड कमी आणि आकडे जास्त, असला कारभार चाललाय.

मालक मंडळीही सुटत नाहीत. हॉलला पीओपी, दर्शनी भिंतीला महागडी टाइल, गेट असं की तहसील कचेरीला शोभावं. आणि स्ट्रक्चरच्या नकाशाचे पैसे मागितले की "कशाला, आमचा मिस्त्री हुशार आहे." पाणी मारायचं म्हटलं की टँकर परवडत नाही. हिशोब करू. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वाफे करून दोन इंच पाणी साठवलं तर पाच हजार लिटरचा एक टँकर लागतो. मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी उडतं असं धरलं तरी चौदा दिवसांना एकूण चार टँकर. ओली पोती टाकून वर प्लास्टिक अंथरलं तर त्याहूनही कमी. आजकाल बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसी सिमेंट, त्याला किमान दहा दिवस आणि खरं तर चौदा दिवस ओल लागते. आपण चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंपडतो, दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो, आणि पाचव्या दिवशी वर विटा चढवतो. पाणी नसेल तर स्लॅब पुढं ढकला, मुहूर्ताला काही होत नाही.

ठेकेदाराबरोबर कागद करा, हेही दरवेळी सांगतो. चौरस फुटाचा दर ठरला म्हणता, पण त्यात जिना धरला का? छज्जे, माळा, शौचखड्डा? जोतं दोन फुटांच्या वर गेलं तर भराव कोणाचा? हे लिहिलेलं नसतं, म्हणून निम्म्यात काम अडतं आणि घराच्या भांडणात भावकी मिटवायला बसते. स्टॅम्पवर दोन पानं लिहा. शेवटचा हप्ता पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा.

कोणी म्हणेल, हा आपला धंदा वाढवायला लिहितोय. मला बोलवूच नका. दुसऱ्या कोणालाही बोलवा, पण स्लॅबच्या आधी बोलवा.

१ मेच्या ग्रामसभेत एक ठराव मांडायचा विचार आहे. ज्यानं दाखला दिला त्यानंच पाया भरताना आणि स्लॅबच्या आधी प्रत्यक्ष येऊन पाहावं, तारीख टाकून ग्रामपंचायतीच्या वहीत सही करावी. घरकुलांसाठी हे काम पंचायत समितीच्या इंजिनिअरनं करावं, लाभार्थ्याकडून एक रुपया न घेता. मसुदा तयार आहे, ज्या गावाला पाहिजे त्यांनी गावाचं नाव कळवा. आणि ज्यांचा स्लॅब याच आठवड्यात आहे त्यांनी ठरावासाठी थांबू नका. सळया बांधून झाल्या की छज्जाच्या बाजूचे चार फोटो पाठवा, लोखंड वर आहे की खाली एवढं तरी बघून सांगतो.