अंश आणि छेद

आमच्या औशाकडे ‘शेअर’ हा शब्द घरोघरीं पोंचला तो सहकारी साखर कारखान्यांमुळें. त्या शेअरची किंमत दर्शनी. तो बाजारांत विकतां येत नाहीं, म्हणून ती किंमत वाजवी कीं अवाजवी हा प्रश्नच उद्भवत नाहीं. आतां मात्र घरांतील तरुण मुंबईच्या शेअरबाजारांत मोबाइलवरून व्यवहार करतात, आणि वडिलांच्या निवृत्तीची पुंजीही तिकडे वळवावी असा आग्रह धरतात. अशा वेळीं वडीलधाऱ्यांनीं नुसतें ‘नको’ म्हणून भागत नाहीं. त्यांस हिशेब विचारतां आला पाहिजे.

तो हिशेब शाळेंतील अपूर्णांकाइतका सोपा आहे. शेअरचा बाजारभाव हा अंश. कंपनीस एका शेअरमागें वर्षांत झालेला निव्वळ नफा हा छेद. भाव 300 रुपये आणि नफा 15 रुपये असल्यास गुणोत्तर 20. म्हणजे नफा आहे तितकाच राहिला, तर वीस वर्षांच्या नफ्याइतकी रक्कम आपण आजच मोजून देतों. उलट मांडल्यास ही कमाई शेंकडा 5 पडते. आणि तीही सगळी हातीं येत नाहीं, कारण कंपनी तिचा बराच भाग धंद्यांतच ठेवते. बँकेच्या मुदत ठेवीचें व्याज शेजारीं लिहून पाहावें, म्हणजे आपण केवढ्या वाढीची आशा विकत घेत आहों हें कळतें.

बहुतेकांचें लक्ष अंशावर असतें; फसगत बहुधा छेदांत होते. औसा तालुक्यांतील शेताचें मोल करतांना कोणीही शहाणा मनुष्य एकाच वर्षाच्या सोयाबीनवर विसंबत नाहीं. पाऊस साधलेलें वर्ष तो धरतो, तसेंच मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें तें 2016 सालही धरतो. साखर, सिमेंट, पोलाद यांच्या धंद्यांतही सुकाळ-दुष्काळ असतातच. सुकाळांत नफा फुगतो, गुणोत्तर लहान दिसतें आणि महाग शेअर स्वस्त भासतो. म्हणूनच ग्रॅहॅम व डॉड या अमेरिकन ग्रंथकारांनीं 1934 सालींच सांगितलें कीं, एका वर्षाचा नफा न धरतां निदान पांच, शक्य तर सात ते दहा वर्षांची सरासरी धरावी.

छेदास मुळींच फांटा दिल्यास काय होतें, हें मुंबईनें 1992 सालीं पाहिलें. जुन्या कंपनीचें मोल नफ्यावरून न करतां, तशीच कंपनी आज नव्यानें उभारण्यास लागणाऱ्या खर्चावरून करावें, असें हर्षद मेहता यांचें प्रतिपादन होतें. एसीसी या सिमेंट कंपनीचा सुमारें 200 रुपयांचा शेअर 9000 च्या घरांत गेला. त्या एप्रिलांत पत्रकार सुचेता दलाल यांनीं बँकांच्या पैशाचा गैरव्यवहार उघडकीस आणला, आणि बाजार कोसळला.

मोठें गुणोत्तर सर्वदा वाईट असें नव्हे. नफा खरोखर वाढत असेल तर तें सार्थही ठरतें. तोट्यांतील कंपनीस मात्र हें माप लावतांच येत नाहीं. तेव्हां घरांतील मुलाने शेअर सुचविल्यास त्याच्यावर रागावूं नये. वहींत दहा वर्षांचा नफा, त्याची सरासरी, आजचा भाव आणि त्याच धंद्यांतील दुसऱ्या दोन कंपन्यांचीं गुणोत्तरें त्याच्याच हातून लिहवून घ्यावीं. तेवढें लिहिण्याचा धीर ज्यास नाहीं, त्याच्या हातीं म्हातारपणाची पुंजी देऊं नये.