सुईला भिऊ नका, पण एका रिपोर्टवर निर्धास्तही राहू नका



उसाची तोडणी आठ दिवस लांबली की आम्ही सारे शेतकी खात्यात जाऊन बसतो. पण घरातल्या बाईने छातीत गाठ लागते असे सांगितले, तर "हंगाम उरकू दे, मग बघू" असे म्हणतो. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर तर पुष्कळदा बाई सांगतच नाही. गाठ दुखत नाही, मग काम चालूच राहते.

त्यात सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो, असा एक समज आहे. तो खोटा आहे. स्तनाच्या बहुतेक गाठी साध्याच असतात, पण कोणती साधी नाही हे नुसते चाचपून ठरत नाही.

बारीक सुईने, म्हणजे एफएनएसीत, नुसत्या पेशी ओढतात. काम झटपट व कमी खर्चाचे. पण सुई बाजूला गेली किंवा पेशी कमी आल्या, तर कॅन्सर असूनही रिपोर्ट निर्दोष येऊ शकतो. जाड सुईने, म्हणजे कोअर बायॉप्सीत, जागा बधिर करून गाठीचे दोऱ्यासारखे तुकडे काढतात. सोनोग्राफीवर बघून काढले तर निदान अधिक भरवशाचे होते, आणि कोणते औषध लागू पडेल याचाही अंदाज येतो.

ब्रिक्स पाहताना बांधावरच्या एकाच उसावरून आपण सबंध फडाचा निकाल लावत नाही. तसेच इथे. डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी वा सोनोग्राफी आणि सुई, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. नाही बसला तर पुन्हा तपासायला सांगा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांतील दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून अभ्यास केला. एका गटाची शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. त्या गटात कॅन्सर लवकरच्या अवस्थेत सापडला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात पन्नाशीपुढच्या स्त्रियांतील स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले.

म्हणून आमची मागणी अशी की, हंगाम संपून टोळ्या परतण्याआधी कारखान्याने सभासदांच्या घरच्या व तोडणीच्या बायकांची तपासणी ठेवावी. गाठ लागेल तिला खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला नेण्याची सोय करावी. ते टाटांचेच केंद्र, आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुंबईच्या एस.टी.च्या वाटेवर आहे. वार्षिक सभेत उसाच्या दराइतक्याच जोराने सभासदांनी हे मांडावे.