खीर खाल्ली, पाप केलं नाही

यंदा बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात नेहमीप्रमाणे खीरदान झाले. वंदना झाली, भाषणे झाली आणि द्रोणातून खीर वाटायला सुरुवात झाली. माझ्या शेजारी एक कार्यकर्ती बसली होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, अभ्यासू मुलगी. मनुस्मृती दहनावर विचारा, तासभर बोलेल. हातातल्या द्रोणाकडे पाहून ती म्हणाली, "ताई, खाते खरी, पण आज पाप केलं बघा. उद्या दिवसभर नुसतं पाणी."

तेव्हा मी हसले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. पाप? प्रायश्चित्त? बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या मुलीच्या तोंडी हे शब्द आले कुठून?

मित्रांनो, मी तिला नावे ठेवत नाही. चार वर्षांपूर्वी मीही हेच करत होते. धाकट्या लेकरानंतर माझे वजन 76 किलोवर गेले होते. उंची पाच फूट दोन इंच. बारशाला एक गुलाबजाम खाल्ला की रात्रभर मन खायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता बंद, दुपारी नुसती काकडी आणि रात्री अकराला बैठकीहून आल्यावर उभ्या उभ्या अर्धी पिशवी फरसाण. मग पुन्हा स्वतःला शिव्या. या चक्रात वजन कमी झाले नाही, उलट वाढले. म्हणून आज मी जे मांडणार आहे ते एवढेच: गोड खाल्ल्याचा अपराधीपणा वजन आटोक्यात ठेवत नाही. तो आपले लक्ष भलतीकडे नेतो, आणि त्याची मुळे अशा विचारात आहेत जो आपण केव्हाच सोडला आहे.

आधी अनुभवाला पुरावा आहे का ते पाहू. 1975 साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. लोकांना आधी मिल्कशेक दिले आणि मग चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम समोर ठेवले. जे लोक एरवी खाण्यावर कडक लगाम ठेवत, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खायला हवे होते. त्यांनी जास्त खाल्ले. "नियम मोडलाच आहे, आता काय उरलं" असे मनाचे होते ते हेच. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2014 मध्ये लोकांना विचारले की चॉकलेट केक म्हटल्यावर मनात काय येते, अपराध की आनंद? ज्यांच्या मनात अपराध आला, त्यांच्या खाण्याच्या सवयी काही अधिक चांगल्या नव्हत्या. आणि दीड वर्षाच्या काळात वजन टिकवण्यात ते आनंदवाल्यांपेक्षा मागे पडले. एका अभ्यासाने सगळे सिद्ध होत नाही, हे समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला कळते. पण अपराधीपणा हे औषध आहे, असे म्हणणाऱ्यांनी निदान त्याचा गुण दाखवावा.

आता साधा हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. द्रोणभर खिरीत दोनशे-अडीचशे. म्हणजे एका पौर्णिमेच्या खिरीने किलोभर वजन वाढणे शक्यच नाही. दुसऱ्या दिवशी काटा पुढे गेलेला दिसतो, तो बहुतेक पाण्याचा आणि मिठाचा खेळ असतो.

मग वजन वाढते कशाने? मी एकदा आठवडाभर वहीत लिहून ठेवले. वस्तीत गृहभेटीला गेले की प्रत्येक घरी चहा. दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे जवळपास पन्नास ग्रॅम, दोनशे कॅलरी. मी रोज एक द्रोण खीर पीत होते आणि त्याचे मला काहीच वाटत नव्हते! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, जमल्यास पाच टक्क्यांखाली. दोन हजार कॅलरीच्या आहारात पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम, सहा चमचे. माझा कोटा तिसऱ्या घरीच संपत होता. अपराध मात्र वर्षातल्या पाच-सहा गुलाबजामांवर ठेवला होता.

पण चहा नाकारायचा कसा? आपल्या घरचा चहा कोण नाकारत आले आहे, हे आपल्याला सांगायला नको. कार्यकर्तीने कप परत केला तर त्या माउलीच्या मनात काय येईल? म्हणून मी सांगायला लागले, "मावशी, अर्धाच कप द्या, साखर कमी घाला." कोणी रागावले नाही. दोन-तीन घरांत तर "आम्हालाबी शुगर हाय, आमीबी कमीच करतो" असे म्हणत घरचाच चहा बदलला. त्यासोबत रात्रीचे जेवण बैठकीआधी उरकायचे ठरवले आणि शक्य तिथे पायी जाऊ लागले. दीड वर्षात 64 किलोवर आले. या दीड वर्षात पुरणपोळीही खाल्ली, आणि चौदा एप्रिलचा लाडूही.

आता मूळ मुद्दा. 'पाप केलं' हा शब्द नुसता बोलण्याच्या ओघात येत नाही. अन्नाला शुद्ध-अशुद्ध ठरवायचे आणि अन्नावरून माणसाला उच्च-नीच ठरवायचे, ही या देशातली जुनी रीत आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराची सात्त्विक, राजस, तामस अशी वाटणी आहे. आज तीच वाटणी डाएटच्या भाषेत परत आली आहे. 'क्लीन' खाणे, 'डिटॉक्स' म्हणजे शुद्धीकरण, 'चीट डे' म्हणजे परवाना काढून केलेली लबाडी. आहार सांगणारा प्रत्येक जण जातीयवादी आहे, असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्या ताटाला शतकानुशतके विटाळ म्हटले गेले, त्यांनी तरी आपल्या घासाला पाप म्हणण्याआधी दोनदा विचार करावा.

यावर कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही खाण्यावर बंधन घातलेच होते की. 1927 च्या महाड परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडण्याचे आवाहन झाले. बरोबर आहे. पण ते खाल्ले म्हणून आपले पूर्वज पापी होते, असे कोणी म्हटले नाही. त्या अन्नासोबत लाचारी आणि गुलामी यायची, म्हणून ते सोडायचे होते. ती हाक स्वाभिमानाची होती. स्वाभिमानाने सोडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा चोरून खावीशी वाटत नाही. भीतीने सोडलेली वाटते.

आणि ज्या दिवशी ती मुलगी पाप म्हणाली, तो दिवस कोणता? सिद्धार्थाने देह सुकवणारे तप सोडून सुजाताने दिलेले अन्न घेतले, त्याची आठवण म्हणून आपण खीर वाटतो. तप सोडून तो नीट जेवू लागला तेव्हा सोबतचे पाच जण म्हणाले, हा भ्रष्ट झाला, आणि सोडून गेले. बोधी मिळाल्यावर बुद्ध त्याच पाच जणांना सारनाथला भेटले आणि दोन टोके टाळणारा मध्यम मार्ग त्यांना सांगितला. आपल्या डोक्यात बसून 'भ्रष्ट झालीस' म्हणणारा आवाज त्या पाचांचा आहे, बुद्धाचा नाही.

याचा अर्थ हवे तितके खा, असाही नाही. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत बुद्धांकडे येतो. बुद्ध त्याला पापी म्हणत नाहीत, उपवासही सांगत नाहीत. मात्रा ओळखून खाणाऱ्याचे आयुष्य सुखाचे होते, एवढेच सांगतात. राजा एका तरुणाला ते वचन रोज जेवणाच्या वेळी म्हणायला लावतो, हळूहळू भात कमी करतो आणि सडपातळ होतो. सजगता, सवय आणि सबुरी, एवढाच तो उपाय होता. मनाला लागलेल्या टोचणीला, कुक्कुच्चाला, धम्मात पाच नीवरणांत धरले आहे. म्हणजे ती मार्गातली अडचण मानली आहे.

"ताई, हे खात्यापित्यांचे प्रश्न, आपल्याला काय त्याचे?" असेही मला विचारले जाते. माझे बाबा 1972 च्या दुष्काळात दहा-अकरा वर्षांचे होते. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, तिची चव ते अजून सांगतात. आज त्यांना मधुमेह आहे. बाबासाहेबांनाही मधुमेहाने किती छळले, हे आपण वाचले आहे. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये आली. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपली शरीरे बारीक दिसूनही चरबी साठवतात. म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नका, कंबर मोजा. बाईची 80 सेंटिमीटर आणि पुरुषाची 90 च्या पुढे गेली तर साखर तपासून घ्या. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गोडाची मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

बाबांनी आम्हाला गोडाला कधी नाही म्हटले नाही. "लेकरांनी मन मारून खाऊ नये," एवढेच म्हणायचे. त्यांनी मिळवून दिलेला घास मी पाप म्हणून गिळणार नाही. आणि त्यांचा आजार माझ्या लेकरांना लागू नये म्हणून रोजच्या साखरेचा हिशेबही सोडणार नाही. या दोन गोष्टी एकत्र जमतात.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. सारनाथच्या पहिल्या प्रवचनाचा तो दिवस. विहारात पुन्हा खीर असेल. त्या मुलीला मी निरोप पाठवला आहे: माझ्याशेजारी बस, एक द्रोण सावकाश खा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी भाकरी-भाजी खाऊन कामाला लाग.

जय भीम! नमो बुद्धाय!