गोल्फची फेरी आणि घरांतील वडील

चिंचवडच्या एका भगिनींनीं आम्हांस पत्र लिहिलें आहे. त्यांचा मुलगा नुकताच गोल्फ शिकूं लागला असून, येत्या रविवारीं आजोबांस बरोबर घेऊन एका रम्य मैदानावर पूर्ण फेरी खेळण्याचा त्याचा बेत आहे. आजोबांचें वय ७२. आजी गेल्यापासून रोज सकाळीं मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापर्यंत जाऊन येणें, एवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशीं संबंध उरला आहे. ‘अशा साहेबी खेळांत वृद्ध माणसानें जाऊन करावयाचें काय?’ असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, अवश्य जावें. मात्र बेत बदलावा.

प्रथम ‘साहेबी’ या शब्दाविषयीं. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज हें या खेळाचें माहेरघर. तेथील जुनें मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारीं सामान्यतः खेळ बंद ठेवितात व गांवची मंडळी तेथें खुशाल फिरावयास येतात. १८ खळग्यांच्या फेरीची प्रथाही १७६४ सालीं तेथेंच पडली. आपल्याकडे मात्र बहुतेक मैदानें क्लबांचीं किंवा लष्कराचीं. येरवड्याचें पूना गोल्फ क्लबचें व लवळ्याच्या टेकड्यांतील ऑक्सफर्डचें, हीं दोन चिंचवडकरांस सोयीचीं. परंतु तेथें बागेप्रमाणें सहज आंत शिरतां येईल असें समजूं नये. सभासद नसलेल्यांस कोणत्या दिवशीं प्रवेश मिळतो, शुल्क किती, पोशाखाचे नियम काय, आणि न खेळणाऱ्या माणसास बरोबर चालतां येतें काय, हे चार प्रश्न आधींच दूरध्वनीवरून विचारावे. चौथा प्रश्न विसरूं नये. मोठ्या हौसेनें निघालेल्या वृद्धास फाटकावरून परत फिरावें लागलें, तर तो पुन्हां कोठें निघावयाचा नाहीं.

आतां चालण्याचा हिशेब. पूर्ण फेरींत सहा-सात किलोमीटर चाल होते आणि चार तास सहज जातात. नवशिक्याचा तर बराच वेळ चेंडू शोधण्यांत जातो, जरी २०१९ पासून नियमानें त्यास तीनच मिनिटें मिळतात. म्हणून ९ खळगेच खेळावे. आजोबा देवळापर्यंत जाऊन-येऊन किती चालतात तें मोजावें, आणि त्या मानानें तेही जास्त वाटले तर मध्येंच थांबण्यास लाजूं नये. रविवारची गर्दी टाळून मधला वार व उजाडतांची वेळ मागावी. पाणी, टोपी व शेंगदाण्याचे चार लाडू बरोबर असावे. कोणी चेंडू मारीत असतां त्याच्या पुढें उभें राहूं नये. विजा चमकूं लागतांच झाडाखालीं न जातां पक्क्या इमारतींत जावें.

शेवटीं एक सूचना नातवास. बहुतेक मैदानांवर सरावाची निराळी हिरवळ असते. परवानगी घेऊन तेथें आजोबांच्या हातीं काठी द्यावी. सव्वाचार इंच रुंदीच्या खळग्यांत चेंडू हलकेच ढकलावयास बळ लागत नाहीं. नजर व धीर लागतो, आणि तो म्हाताऱ्यांपाशीं तुमच्याहून अधिक असतो.

फेरीचे आंकडे नातवाच्या वहींत राहतील. दुसऱ्या दिवशीं देवळाच्या वाटेवर आजोबांस कोणापाशीं तरी सांगण्यासारखें कांहीं मिळालें, म्हणजे बेत साधला असें भगिनींनीं खुशाल समजावें.