‘जशी आहे तशी’ म्हटलं की सुटका होत नाही

जुनी गाडी विकताना आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं : "गाडी जशी आहे तशी आहे, बघून घ्या." एवढं म्हटलं की विकणारा स्वतःला मोकळा समजतो. मागच्या अ‍ॅक्सलमधून घूंऽऽ आवाज येतो हे माहीत असूनही तो गप्प राहतो, वर टेस्ट ड्राइव्हला मोठ्याने गाणी लावतो. मराठीत धोका म्हणजे संकट, उर्दूत धोका म्हणजे फसवणूक. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

आवाज ओळखणं अवघड नाही. आधी इंजिनाची ताकद कुठल्या चाकांना जाते ते बघा. बोलेरो, सुमो, ईको यांत ती मागच्या चाकांना जाते, म्हणून मागे डिफरन्शियल असतं. स्विफ्ट, वॅगन-आर पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्या मागे डिफरन्शियलच नसतं, तिथे टायर, चाकाचं बेअरिंग, ब्रेक ड्रम आणि बुश तपासायचे.

डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर पहिला संशय टायरवर. वेगाबरोबर वाढणारी, न्यूट्रलमध्येही न थांबणारी घरघर असेल आणि गाडी हलकेच डावी-उजवी घेतल्यावर ती कमी-जास्त होत असेल, तर बहुधा चाकाचं बेअरिंग. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आणि पाय काढताच बदलणारा बारीक सूर क्राउन-पिनियनचा. फक्त वळणावर कडकड होत असेल तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर. गाडी उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘टक्’ झालं तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघा. शेवटी पुढच्या चाकांना उटी लावून मागचं चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा, हाताने फिरवा. डिफरन्शियलमधलं थोडं तेल काढा. त्यात धातूचे कण बोटाला टोचले तर आतलं काहीतरी झिजलंय किंवा तुटलंय.

या सगळ्याला फार तर एक तास लागतो. तरी काही जण जाड तेल भरतात, लाकडाचा भुसा टाकून आवाज दाबण्याची जुनी युक्तीही वापरतात. आवाज दबतो, पण झीज चालूच राहते. बेअरिंग गेलं की चाक डगमगतं, ऑइल सील फाटलं की तेल ब्रेक शूवर उतरतं. त्या ईकोत उद्या शाळेची मुलं बसणार असतात.

कायदा काय म्हणतो? 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17 मध्ये घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याचा दोष माहीत आहे, पण तो काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक ठरत नाही. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की ‘तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगलाच समजेन’ असं घेणाऱ्याने म्हटलं आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखंच धरलं जातं. म्हणून घेणाऱ्यांनो, हे वाक्य तोंडावर म्हणा, साक्षीदारासमोर म्हणा. दोष मुद्दाम झाकणं, म्हणजे तो भुसा, तर कायद्यातही फसवणूकच आहे.

आपल्यासाठी मात्र कायद्याची पळवाट पुरेशी नाही. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकतो! तिच्याइतकीच वासिला बिन अस्क़ा यांची रिवायत ऐकवायला हवी. उंटीण विकली गेली होती. वासिलांनी खरेदीदाराला गाठून तिच्या खुरातला ऐब सांगितला. मालक चिडला, सौदा मोडतोस म्हणाला. वासिलांनी उत्तरादाखल प्रेषितांची शिकवण सांगितली : ऐब न सांगता विकणं हलाल नाही, आणि ज्याला तो माहीत आहे त्याने गप्प राहणंही हलाल नाही. म्हणजे जबाबदारी मालकावर संपत नाही. आवाज ओळखणारा मेकॅनिक आणि दोन्हीकडून कमिशन घेणारा दलालही तिच्यात येतात.

"खरं सांगितलं तर भाव पडतो," असं म्हटलं जातं. पडतोच. दुरुस्तीचा खर्च वजा जाऊन उरते तीच त्या गाडीची खरी किंमत. वरचे पैसे तुमचे नव्हतेच.

आणि ही गाडी घेतो कोण? अनेकदा तोच, जो व्याजाच्या भीतीने नव्या गाडीचं कर्ज टाळतो आणि साठवलेली रोख रक्कम घेऊन येतो. त्याने दीन सांभाळला म्हणून जुन्या गाडीपाशी आला, आणि तिथे त्याच सफ़मध्ये उभा राहणारा भाऊ त्याला फसवतो. व्याजावर तासभर बोलणाऱ्या आपल्या बैठकांत यावर दहा मिनिटंही का मिळू नयेत?

विकणाऱ्यांनी पावतीवरच लिहावं : "मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग वाजतं." मेकॅनिकांनी गाडी तपासली की जे ऐकू आलं ते घेणाऱ्यालाही सांगावं, ओळखीचा गिऱ्हाईक नाराज झाला तरी.